सहाशे बारा दाखले आणि एक कोरं ओगराळं

मंडळी, ऐका. आधी प्रश्न, मग गजर. तुमचं नाव सहाशे लोकांनी घेतलं, पण तुम्ही न केलेल्या कामासाठी! मग ते नाव ठेवायचं, की परत करायचं?

दत्तोबा, पेटी हळू. उत्तर अजून मलाही ठाऊक नाही.

आम्ही कीर्तनकार दाखले देतो ना? संशोधकांचंही तसंच! एकाने लेख लिहायचा, दुसऱ्याने आपल्या लेखात त्याचा दाखला द्यायचा. जितके दाखले, तितका मान.

तर डॉक्टर यशोधरा भालेकर. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधक. प्राध्यापकपदाची मुलाखत आठ दिवसांवर. लेख एक्केचाळीस, पण गाजलेला एकच. त्याला सहाशे बारा दाखले! विषय काय? ओगराळं! माठातून पाणी काढायचं, लांब दांड्याचं. बाईंनी हिरवेकोंड नावाच्या वाडीत घरोघर ओगराळी वाटली. पाण्यात हात बुडायचे थांबले आणि वर्षात पोरांची हगवण निम्म्यावर आली, असा तो लेख.

मुलाखतीत दाखवायला फोटो हवा म्हणून बाई नऊ वर्षांनी वाडीत गेल्या. पहिल्याच घरात ओगराळं भिंतीला टांगलेलं. लखलखीत. दांड्यावरचा दुकानाचा कागदसुद्धा शाबूत!

आता सांगा, नऊ वर्षं वापरलेल्या ओगराळ्यावर कागद राहतो? आमच्या घरच्याला तर दांडाही राहिला नाही.

घरातली म्हातारी सहज म्हणाली, "पाहुणे यायचे असले की टांगतो. तुमच्या पाहणीच्या पोरी बघून कागदावर खूण करायच्या. त्यांना बरं वाटायचं."

चूक कळली? पाहणीच्या कागदावर प्रश्न होता — ओगराळं दिसतं का? वापरता का, हे कुणी विचारलंच नाही! वाडीने पाहुण्यांचा मान राखला. तो मान जगभर छापून आला.

मग हगवण कशाने गेली?

म्हातारीने विहिरीकडे बोट दाखवलं. तिथे सोनाबाई हिलम, वाडीची आशाताई, बादलीत ब्लिचिंग पावडर कालवत होती. गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. ओगराळी आली त्याच वर्षी तिने हे सुरू केलं होतं. बाया नाकं मुरडायच्या — सोने, पाण्याला दवाखान्याचा वास येतोय गं! ती ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली घ्यायची. बाईंच्या लेखात तिच्याबद्दल एक ओळ नाही.

बाई परतल्या. शेजारच्या खोलीत बसणारे सहकारी डॉक्टर पराडकर म्हणाले, "मॅडम, ते सहाशे बारा लोक काय हिरवेकोंडला कागद बघायला येणार आहेत? मुलाखत होऊ द्या, मग कळवा."

इथे मी आख्यान थांबवतो.

तुम्ही काय केलं असतं? नको, बोलू नका. देवळात बसलाय.

बाईंनी त्याच दुपारी मासिकाला पत्र लिहिलं — माझा निष्कर्ष टिकत नाही, लेख मागे घ्या. मुलाखतीला गेल्या त्या चाळीस लेख घेऊन. पद दुसऱ्याला मिळालं. मी खोटं सांगणार नाही मंडळी, देवाने मध्ये पडून काही केलं नाही.

मग बाई पुन्हा वाडीत. या वेळी आणखी चार वाड्या, दोन वर्षं, रोज विहिरीचं पाणी तपासायचं. नवा लेख झाला. पहिलं नाव सोनाबाई हिलम, दुसरं यशोधरा भालेकर. छापलेला कागद पाहून सोनाबाई म्हणाली, "बरोबर आहे. तुम्ही उंच, तुम्ही मागं उभं राहायचं. फोटोत तसंच असतं."

त्या लेखाला आजवर दाखले नऊ. त्यातला एक दूरच्या तालुक्यातला. तिथल्या आशाताईंनीही रोज सकाळी बादली कालवायला घेतलीय!

छापलेला कागद वाडीत आला, त्या दिवशी सोनाबाईने बाईंना पाणी दिलं. कशाने काढलं? आपल्या घरच्या भिंतीवरून ओगराळं उतरवलं, नखाने कागद खरवडला आणि माठात घातलं! बाई घटाघटा प्यायल्या. पाण्याला दवाखान्याचा वास होता. दुसरा पेला त्यांनी मागून घेतला.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या नावावर जी शाबासकी आहे, तिच्यामागे विहिरीवर कोण उभं आहे? घरी जाऊन तेवढं एक नाव मोठ्याने घ्या. आणि ही गोष्ट कुणाला सांगाल, तेव्हा मी सांगितली असं म्हणू नका.

मला ती सोनाबाईने सांगितली. त्या खांबापाशी बसलीय बघा. दत्तोबा, आता उचल पेटी — आजचा गजर तिच्या आवाजात!