बावीस नंबरचं दार

...अहो काका, साहेबांच्या परवानगीचं पत्र नाहीये हेच तर मघापासून सांगतोय! ओळखपत्र आहे, हे बघा, फोटो माझाच — तेव्हा केस होते, एवढाच फरक. पाच मिनिटं द्या फक्त. तुमच्या या डेटा सेंटरात, तिसऱ्या रांगेत आमच्या हॉस्पिटलचं मशीन आहे, त्याला कीबोर्ड लावायचा, एक ओळ खोडायची, की मी चाललो. लांबून नाही का होणार? लांबूनच करतो हो रोज — आज मीच स्वतःला बाहेर कोंडून घेतलंय. हसू नका. म्हणजे हसा, पण ऐका. मशीनला नंबरांची दारं असतात — बावीस नंबरचं आमचं, ऑफिसात बसून त्यातून आत शिरायचं. बाकीच्या दारांनी पेशंटचे रिपोर्ट जातात. आणि पुढे उभी फायरवॉल — तुमच्यासारखीच वॉचमन, हातात यादी घेऊन. यादी वरून खाली वाचते, एक ओळ लागू पडली की पुढचं बघतच नाही. आणि मी घाईघाईत पहिल्याच ओळीत लिहिलं — कुणालाही सोडू नको. झालं! खाली ‘बावीसला सोड’, ‘रिपोर्टना सोड’ — वाचतंय कोण? तासभर वॉर्डात एक रिपोर्ट पोचलेला नाही. लॅबवाले फोनवरून आकडे सांगतायत, आणि ऐकताना एखादा चुकला तर? वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंचे चार फोन येऊन गेले, मी उचललेच नाहीत. भीती वाटते हो.

नियम आहे ना — मीच केलाय! यादी बदलण्याआधी घड्याळ लावायचं. पाच मिनिटांत आपण ‘ठीक आहे’ म्हटलं नाही, तर जुनी यादी आपोआप परत. नव्या लोकांना ओरडून ओरडून शिकवतो मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मग आज का नाही लावलं? घाई होती... नाही, घाई नव्हती. घड्याळ लावलं की जुन्या यादीची प्रत मागे राहते, आणि त्या यादीत — जाऊ द्या. असे बघू नका हो. होतं एक जास्तीचं दार. मीच ठेवलेलं, कुणाला न सांगता. वडील अंथरुणाला खिळलेत, साहेब म्हणतात ऑफिसातच या — मग दुपारी घरी वडिलांच्या उशाशी बसून त्या दारातून काम करायचो. आठ महिन्यांत कुणाचं काय बिघडलं? काही नाही! म्हणजे... आज सकाळी पाहिलं, तर त्या दारातून दुसरंच कुणीतरी ये-जा करतंय. तीन आठवडे. काय पाहिलं, काय नेलं, देव जाणे. तेच बुजवायला बसलो होतो — आणि हो, खुणा पुसायला. आताही आत जाऊन तेच करणार होतो. झालं समाधान?

फोन कशाला उचलताय? साहेबांना? नको ना काका, पाया पडतो — नोकरी जाईल, वडिलांना माझ्याशिवाय कुणी नाही... काय? मीच सांगू?

द्या.

हॅलो, साहेब — मी बोलतोय. आधी मला आत सोडायला सांगा, रिपोर्ट सुरू होऊ देत. काका शेजारी उभे राहतील, मी काही पुसणार नाही. हो, पुसणार नाही म्हणालो. कारण पुसण्यासारखं आहे, साहेब. एक जास्तीचं दार मीच ठेवलं होतं, आणि तीन आठवडे त्यातून दुसरंच कुणीतरी आत येतंय.