बावीस लाकडी गडी आणि एक सरळ भोक

…आणि वर तोंड करून मलाच विचारतात, "शेवटी भोकच ना?" भोकच ना म्हणे! तुम्हाला सांगतो, ज्याने हातातल्या गिरमिटाने एका मापाची बावीस भोकं कधी पाडली नाहीत, त्याने भोकावर बोलूच नये! मी शाळा चौथीपर्यंत केली, तीसुद्धा बाईंच्या खुर्चीला डिंक लावला तिथवरच, पण एवढं मला कळतं!

झालं काय, आमच्या पायसांदू गावच्या क्लबात टेबलावरचा फुटबॉल आहे. दांडीत ओवलेले लाकडी गडी, दांडी फिरवली की लाथ मारतात, तो! चाळीस वर्षांपूर्वी मीच बनवला. आता गडी झिजले, कुणाला पाय नाही, गोलकीपरला तर डोकंच नाही. (हसू नका, आमच्या खऱ्या संघातही तेच आहे.) म्हटलं, नवे बावीस करतो. केले, रंगवले, पोटात गिरमिट घातलं, दांडीत ओवले… आणि काय सांगू! एक डावीकडे कलंडलेला, एक मागे रेललेला, सगळी टीम लग्नाच्या मांडवातून पहाटे घरी निघालेली!

आमचा मेहुणा विल्मार, क्लबाचा अध्यक्ष. थर्मास काखेत, माते हातात, म्हणजे तो आमचा कडू पाला, नळीने ओढायचा. ओढला सुर्रर्र आणि म्हणाला, "दाजी, तुझी पोरं प्यायलीयत. रविवारी वर्धापनदिन आहे. मी प्लास्टिकचं टेबल आणतो. तुझं लाकूड चांगलं सुकलंय, मांस भाजायला घेऊ."

माझं टेबल! चुलीत! चाळीस वर्षं त्या टेबलावर मला कुणी हरवलं नाही हो!

घरी आलो, बायकोला, झुल्माला म्हटलं, उभं ड्रिल मशीन घेणार. ती म्हणाली, "अरे म्हाताऱ्या, गिरमिट आहे की. शेवटी भोकच ना?" बघा! घरातसुद्धा!

दुकानात नवी मशिनं पाहिली. चकचकीत! चकाला, म्हणजे बिट पकडतो त्या जबड्याला, धरून हिसका दिला तर अख्खं मशीन मान हलवायला लागलं, 'हो शेठ, हो शेठ' करत. तो पोरगा म्हणतो, "काका, लेझर लाइट आहे." अरे, वाकडं भोक उजेडात बघून काय करू?

मग कळलं, एर्मेलिंदाबाई गेलेल्या नवऱ्याचं ड्रिल मशीन विकतायत. त्यांचा अनाक्लेतो फिटर होता, हात असा की माशीला नाल ठोकेल! गेलो. माझ्याआधी तिघं हजर. तिघांच्या काखेत थर्मास, तिघांच्या हातात माते, आणि राहिलेल्या दोन बोटांनी मशीन तपासतायत! एक म्हणाला, "रंग मारला की विकलं जाईल." बाईंनी त्याला दार दाखवलं. दुसरा म्हणाला, "जुनंच आहे, शेवटी भोकच ना?" त्याला तर फाटकापर्यंत पोचवून आल्या. तिसरा आपणहून गेला, शहाणा होता.

आणि मी काय केलं माहितीय? मी थर्मास खाली ठेवला! जमिनीवर! बाई अशा दचकल्या, जणू मी पँटच उतरवलीय. दोन्ही हातांनी चक धरला, हिसका दिला. नाही हलला! बिडाचं धूड, हत्तीचा पाय! मग मातेचा पेला भरला, काठोकाठ, वर फेस, आणि मशीनच्या टेबलावर मधोमध ठेवला. म्हटलं, "बाई, करा चालू. सगळ्यात जोरात."

घूंऽऽऽ… मी श्वास धरला, बाईंनी पदर… पदर कुठला, एप्रन धरला… आणि तुम्हाला सांगतो, फेसातला एक बुडबुडा हलला नाही! एकसुद्धा!

बाईंनी मशीन बंद केलं, पेला उचलला, माझ्याच नळीने सगळा ओढून संपवला. म्हणाल्या, "अनाक्लेतो रोज सकाळी हेच करायचा. ने तू." किंमत सांगितली. मी आपलं सवयीने तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, "तोंड सरळ कर. मशीन सरळ आहे." दिले पैसे!

आता न्यायला विल्मार आणि क्लबाची तीन माणसं आली. चार माणसं, किती हात? चार! उरलेल्या चार काखांत थर्मास! म्हटलं, "ठेवा ना खाली!" विल्मार म्हणतो, "दाजी, थंड होईल." एकेका हाताने ते धूड गाडीत चढवताना आम्ही जे दिसलो, ते बघायला अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन बसली होती.

पुन्हा बावीस गडी केले, भोकं मशीनवर पाडली. आणि रविवारी! अहो रविवारी काय दृश्य! बावीस गडी ताठ! राष्ट्रगीताला उभे! विल्मार डोळा बारीक करून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून आला, प्लास्टिकचं टेबल परत पाठवलं आणि मांसाखाली बाजारचं लाकूड लावलं. टाळ्या! मला खांद्यावर घेतलं, तेही थर्मास सांभाळून! झुल्मा चक्क म्हणाली, "बरं झालं घेतलंस." लिहून ठेवा, पुन्हा नाही म्हणायची!

मग पहिला सामना. मी विरुद्ध विल्मार.

सात-एक हरलो.

अहो, माझा जुना उजवा गडी! चाळीस वर्षांपूर्वी गिरमिट घसरून तिरका बसला होता ना, त्याची लाथ बचावाला चुकवून कोपऱ्यात जायची! मी स्वतःला कलाकार समजत होतो, आणि कला सगळी त्या वाकड्याची! विल्मार मिशीत हसत म्हणाला, "दाजी, तुझी पोरं शुद्धीवर आली, तर खेळच विसरली की."

सोमवारी पहाटेच वर्कशॉपला आतून कडी लावली. म्हटलं, एकच गडी, केसभर तिरका, कुणाला कळतंय, शेवटी भोकच ना? गडी तिरका बसावा म्हणून खाली पाचर लावली, फळी लावली, देवाचं नाव घेतलं, मशीनचा दांडा ओढला…

तीन तास झटलो. एकदा पाचरच उडाली, एकदा बिट तिरकं घुसायला तयार नाही, एकदा गडीच फुटला. शेवटी एक भोक पडलं. गुण्यात, म्हणजे सुताराच्या काटकोनात, धरून बघितलं…

सरळ! आता काय करता! अनाक्लेतोचं मशीन ते, वाकडं त्याला येतच नाही!