पांढरा साका

बाई : सातवा नियम परत वाचा.

काका : "वही एक दिवस उशिरा आली तर अर्धे गुण. दोन दिवस उशिरा आली तर शून्य. कारणं ऐकली जाणार नाहीत." बाई, गेल्या वर्षी याच्यापुढे 'घरी कुणी वारल्यास सवलत' असं होतं.

बाई : काढलं ते. गेल्या वर्षी एकीची आजी दोनदा वारली.

काका : दोन आज्या असतात की माणसाला.

बाई : मे महिन्यापर्यंत तिसरीही वारली असती. पुढे वाचा.

काका : "आठ. केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा, पायात बंद बूट. नऊ. या कागदावर विद्यार्थिनीची आणि पालकांची सही असल्याशिवाय प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही." झालं. पहिला वाचायला नको, तो मला झोपेतही म्हणता येईल. "जे दिसलं तेच लिहायचं. पुस्तकात काय दिलंय ते नाही, शेजारणीला काय दिसलं ते नाही."

बाई : मग सोमवारी तुम्हीच म्हणा वर्गात. बेचाळीस प्रती काढून आणा. आणि त्या कोपऱ्यातल्या टेबलावरचे डाग... काय झालं?

काका : दारात उभी आहे कुणीतरी. अगं, ये की आत! बाई, ही आपली 'कलम एक'.

बाई : काका, तिला त्या नावानं हाक मारू नका.

मुलगी : मारू द्या, बाई. पहिला नियम मोडत नाही म्हणून वर्गात सगळ्या तेच म्हणायच्या. आत येऊ ना?

बाई : ये. बस त्या स्टुलावर. दाखला न्यायला आलीस?

मुलगी : हो. ऑफिसात म्हणाले, आधी प्रयोगशाळेतून सही आणा, सामान परत केल्याची. हा कोट, धुऊन आणलाय. आणि हा चष्मा. याची काडी आधीपासून सैल होती.

काका : ठाऊक आहे गं. ठेव तिकडे.

बाई : आण तो फॉर्म. कुठं मिळाला प्रवेश?

मुलगी : इतिहासाला.

बाई : इतिहासाला?

मुलगी : रसायनाची यादी माझ्यापेक्षा चार गुण वर थांबली. इतिहासाला शेवटच्या यादीत नाव लागलं. जागा उरल्या होत्या.

बाई : लेखी परीक्षेत तुला चांगले होते ना?

मुलगी : लेखीत वर्गात दुसरी होते. प्रात्यक्षिकात तीसपैकी बारा.

काका : मी पाणी आणतो.

मुलगी : नको काका, प्यायले मी. बाई, सही करायच्या आधी एक विचारू? रागावू नका.

बाई : विचार.

मुलगी : माझं काय चुकलं? म्हणजे गुण वाढवून मागायला नाही आले मी. ती मुदत गेलीसुद्धा. मला फक्त कळायला हवंय की कुठं चुकलं. दोन महिने तेच डोक्यात फिरतंय.

बाई : क्षार कोणता होता तुझा?

मुलगी : सात नंबर. अमोनिया ओळखला, वासही आला, कागदही निळा झाला. मग दुसऱ्या भागासाठी सिल्व्हर नायट्रेट घातलं. काही झालं नाही. क्लोराईडचा पांढरा साका नाही, साधं गढूळसुद्धा नाही. नळी धुतली, परत केलं. मग तिसऱ्यांदा, नवीन नळीत. पाच वेळा केलं, बाई. शेवटी लिहिलं, "काही बदल दिसला नाही. दुसरा भाग ओळखता आला नाही."

बाई : कधीकधी नळी नीट धुतलेली नसते.

मुलगी : नवीन नळी घेतली होती.

बाई : क्षार नीट विरघळला नसेल. परीक्षेत हात थरथरतो, घाई होते...

मुलगी : वीस मिनिटं उरली होती माझ्याकडे. आईपण हेच म्हणते. म्हणते, तुझाच हात चुकला असणार, तुझ्या बाई सांगताना चुकायच्या नाहीत. तुमचा तो नियमांचा कागद तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. दोन वर्षं झाली. दिवसभर कारखान्यात शर्टांना बटणं लावते, वाचायला वेळ नसतो तिला, पण तो कागद तिला पाठ आहे.

बाई : आईला सांग, असं होतं कधीकधी. मोठ्यामोठ्यांचं होतं. प्रयोग म्हटला की...

काका : बाई.

बाई : काय?

काका : मला नाही ऐकवत हे.

बाई : मग बाहेर जा. प्रती काढायच्यात.

काका : पोरी, तुझा हात चुकला नव्हता. त्या बाटलीत पाणी होतं.

बाई : काका!

काका : डिस्टिल्ड पाणी. मी भरलं होतं या हातांनी. सिल्व्हर नायट्रेट सराव परीक्षेतच संपलं. तू माझ्याकडे दुसरी बाटली मागायला आलीस ना, तेव्हा मी म्हटलं, आहे ते हेच आहे. तुझ्याकडे बघितलंही नाही मी. आठवतंय?

मुलगी : आठवतंय. म्हणजे... पाणी?

काका : पाणी.

मुलगी : बाई, तुम्हाला माहीत होतं?

बाई : मी त्यांना पाणी भरा असं म्हटलं नव्हतं.

काका : नाही म्हटलं. "बाहेरच्या परीक्षकांसमोर एकही बाटली रिकामी दिसता कामा नये," एवढंच म्हणालात. आता मी बाटली कशानं भरणार होतो? माझ्या घरी का सिल्व्हर नायट्रेट पिकतं?

बाई : दोनदा लिहून मागितलं होतं मी. दोनदा! मोठ्या बाई म्हणाल्या, गेल्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला, तेव्हा काय सगळ्या बाटल्या नव्या होत्या? काय करायला हवं होतं मी? परीक्षेच्या सकाळी दाराला कुलूप लावायला हवं होतं?

मुलगी : पण मग बाकीच्यांचं कसं झालं? माझ्या शेजारची, चष्मेवाली, तिलाही क्लोराईडच होतं. तिनं लिहिलं होतं, "दह्यासारखा पांढरा साका." मी डोळ्यांनी बघितलं. तिला अठ्ठावीस मिळाले.

काका : त्या दिवशी चौदा जणींना क्लोराईड होतं. तेरा जणींना साका दिसला.

मुलगी : पाण्यात?

काका : चिठ्ठीत.

मुलगी : म्हणजे त्या चिठ्ठ्या... काका, तुम्ही सकाळी हातात ठेवत होता त्या?

काका : तू मला परत दिलीस. न उघडता. मला म्हणालीस, बाईंना सांगा मी बघितली नाही. मला त्याचा अर्थच लागला नाही तेव्हा.

मुलगी : वरचा नंबर बाईंच्या अक्षरात होता. मला वाटलं, बाई आमची परीक्षा बघताहेत. शेवटची. कोण उघडतंय आणि कोण नाही.

बाई : असं वाटलं तुला?

मुलगी : मग दुसरं काय वाटणार? दोन वर्षं तुम्ही एका आकड्याची खाडाखोड चालवून घेतली नाहीत. एकदा मी वजनात पाव ग्रॅम इकडचं तिकडं केलं होतं, तर तुम्ही सगळ्या वर्गासमोर वहीचं पान फाडलंत. म्हणालात, हे रसायनशास्त्र नाही, ही लबाडी आहे. मी घरी जाऊन रडले, आणि पुन्हा कधी केलं नाही. त्याच बाई चिठ्ठ्या वाटतील असं कसं वाटेल मला? परीक्षेनंतर घरी जाताना आनंद झाला होता हो मला. साका आला नाही त्याचं वाईट वाटत होतं, पण चिठ्ठी उघडली नाही याचा आनंद झाला होता. म्हटलं, बाईंना कळेल.

बाई : एकोणीस वर्षं शिकवतेय मी. आधीची चौदा वर्षं एकही चिठ्ठी नव्हती. मग शेजारच्या शाळेचा निकाल वर जायला लागला. तिथे काय चालतं ते सगळ्यांना माहीत. माझ्या खऱ्या पंचवीसवाल्या मुली मागे पडायच्या आणि त्यांच्या खोट्या एकोणतीसवाल्या पुढे जायच्या. तुमचंच नुकसान होत होतं.

मुलगी : मग तो कागद कशाला? सही कशाला घेतली आईची?

बाई : तो वर्षभरासाठी असतो. शिकण्यासाठी. परीक्षेचा दिवस वेगळा असतो, हे मुलींना आपोआप कळतं. दरवर्षी कळतं. मला वाटलं, तूही घेशील.

मुलगी : तुम्हाला तसं वाटलं? माझ्याबद्दल?

काका : सांगा की बाई.

बाई : तुम्ही मध्ये बोलू नका!

मुलगी : मग लिहून द्या मला. बोर्डाला. चिठ्ठ्यांचं नको. बाटलीत पाणी होतं, एवढंच. हे काही खोटं नाही.

बाई : खोटं नाही. पण ते पत्र वाचणारा माणूस पहिला प्रश्न काय विचारेल? पाणी होतं, तर तेरा जणींना साका कुठून दिसला? तिथून चिठ्ठ्या निघतील. मग बेचाळीसच्या बेचाळीस जणींचं प्रात्यक्षिक रद्द. मिळालेल्या जागा जातील. तुझी ती चष्मेवाली मंगळवारी आली होती, नर्सिंगला मिळाली जागा. आईला घेऊन आली होती. त्यांच्या घरात पहिलीच शिकणारी.

मुलगी : मला माहीत आहे. माझी मैत्रीण आहे ती.

बाई : म्हणून सांगतेय.

मुलगी : कशासाठी सांगताय? म्हणजे मी नको म्हणावं म्हणून?

बाई : नाही. काय होईल ते तुला कळावं म्हणून.

मुलगी : पाणी तुम्ही ठेवलंत. चिठ्ठ्या तुम्ही लिहिल्यात. आणि तिची जागा गेली तर ती मी घालवली असं होणार.

काका : मी देतो लिहून. पाणी मी भरलं, माझ्या चुकीनं भरलं गेलं. म्हाताऱ्याला दिसत नाही, वास येत नाही, काय लिहायचं ते लिहा. मी खाली सही करतो.

बाई : वेड्यासारखं बोलू नका. नोकरीची दोन वर्षं राहिलीत तुमची. आणि त्यानं प्रश्न तोच राहतो, तेरा जणींचा.

काका : मग तुम्ही काहीतरी ठरवा की! आमच्यापैकी शिकलेल्या तुम्ही आहात.

बाई : ठीक आहे. कागद द्या तो. कोरा. हा नको, याच्या पाठीमागे नियम छापलेत. तो दुसरा. बस गं तू. लिहिते मी. सगळंच लिहिते, चिठ्ठ्यांसकट. माझ्या नावानं. "मी, खाली सही करणार..."

(बराच वेळ फक्त पेनाचा आवाज.)

मुलगी : बाई, थांबा.

बाई : काय?

मुलगी : नका लिहू.

बाई : नीट विचार कर.

मुलगी : केलाय. निकालाच्या दिवशी तिची आई माझ्या आईच्या गळ्यात पडून रडली. आमच्याच दारात. माझे गुण विचारायचंही तिला सुचलं नाही, एवढी आनंदात होती. तिच्या आईला मी काय सांगू? आणि चिठ्ठ्या कुणी मागितल्या नव्हत्या, बाई. त्यांच्या हातात ठेवल्यात तुम्ही. नका लिहू.

बाई : बरं. तू म्हणशील तसं.

मुलगी : फॉर्मवर सही देता ना?

बाई : देते. हे बघ, पुढच्या वर्षी परत बस परीक्षेला. एक वर्षानं काही बिघडत नाही. प्रात्यक्षिकाची तयारी मी करून घेईन. रविवारी येत जा.

मुलगी : कुठे?

बाई : इथे. कुठे म्हणजे?

मुलगी : नको. इतिहासाचे तास पंधरा तारखेपासून सुरू होताहेत.

बाई : आईला... काय सांगशील?

मुलगी : काही नाही. ती मला म्हणते, तुझा हात चुकला. ते बरं आहे. हे सांगितलं तर तिला एकदम दोन गोष्टी सहन कराव्या लागतील. येते, काका.

काका : पोरी, मला माफ कर गं.

मुलगी : तुम्ही सांगितलंत तरी. येते, बाई.

बाई : ये. सांभाळून जा.

काका : गेली.

बाई : हं. सोमवारच्या प्रती राहिल्यात, काका.

काका : काढतो. बाई, एक बोलू?

बाई : आता काय राहिलंय?

काका : तिनं 'नका लिहू' म्हटलं, तेव्हा तुम्ही सुस्कारा सोडलात.

बाई : काहीतरीच. आणि सोडला असेल तर काय मोठ्यानं सोडला? तुम्ही इथे माझ्या शेजारी आहात म्हणून तुम्हाला ऐकू आला.

काका : तिनं मान वर करून बघितलं तुमच्याकडे. तुम्ही पेनाला टोपण लावत होतात.