देवाच्या घरातली बाळंतीण

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न विचारतो, आणि उत्तराची घाई नको. ज्याचा जन्मच झाला नाही, ज्याला अजून नाव नाही, पाळणा नाही, त्याच्याप्रति आपला काही धर्म आहे काय? पूर्वपक्ष म्हणतो, 'जो नाहीच, त्याच्याशी नातं कसलं?' पूर्वपक्ष बलवान आहे हो! मागे दोघांनी माना डोलावल्या – पाहिलं मी! आता सिद्धान्त ऐका.

कोकणात सातविणी नावाचं गाव. तिथली होळी म्हणजे गोवऱ्यांचा ढीग नव्हे! रानातलं उंच झाड तोडायचं, खांद्यावर नाचवत आणायचं, देवळापुढे उभं करून भोवती गवत पेटवायचं. पहिला घाव घालण्याचा मान विश्रामअण्णांचा – पिढीजात! गेल्या शिमग्याला शेजारच्या गावानं टोमणा मारला, 'काय अण्णा, ही होळी की गोठ्याची मेढ?' झालं! अण्णा वर्षभर धुमसले. 'यंदा देवराईतला थोरला आंबाच! देवाचं झाड देवालाच वाहायचं, त्यात पाप कसलं?'

होळीच्या सकाळी ढोल पुढे, गाव मागे, अण्णांच्या खांद्यावर कुऱ्हाड! देवराईत जाऊन पाहतात, तो आंब्याच्या बुंध्याला जुनं लुगडं पडद्यासारखं बांधलेलं! पुढे गावातली पोरंपोरी बसलेली, आणि शर्वरी – अण्णांची सख्खी पुतणी – डिंकाचे लाडू वाटते आहे!

'बाजूला हो गो!'

'हळू बोला काका. बाळंतीण आहे.'

'कोण? कुणाच्या घरची?' अण्णा दचकले!

शर्वरीनं वर बोट केलं. उंचावर खोडाला एक चीर. इतक्यात धनेश पक्षी उंबर चोचीत घेऊन आला. चिरेतून एक चोच बाहेर आली. घास घेऊन आत गेली. मंडळी, धनेशाची मादी ढोलीत बसते आणि दार लिंपून घेते. तिच्या पंखांची पिसं झडतात. नर जे आणील ते खायचं, पिल्लं वाढवायची. झाड पडलं, तर तिनं उडावं कसं?

'पाखराचं कसलं बाळंतपण!' अण्णा गरजले.

'काका, घरात मूल जन्मलं तर आपण देवकार्य करतो?'

'छे! सोयर असतं.'

'आणि ही देवराई कुणाचं घर?'

'देवाचं.'

'मग सोयर देवालाच लागलं! होळी घेणार कोण?'

वा! तर्कशास्त्र्यानं पागोटं उतरवावं असा युक्तिवाद! अण्णा गुरवाकडे वळले, 'अरे, शास्त्र काय म्हणतं?' गुरवाच्या तोंडात लाडू! कसाबसा गिळून म्हणाला, 'अण्णा, पाखराचं सोयर शास्त्रात आहे असं नाही… पण नाही असंही नाही!'

हशा ओसरला तशी शर्वरी म्हणाली, 'हा पक्षी फळं खातो नि बिया टाकतो, त्यातून रान उगवतं. आमची पोरं होळी आणतील, तेव्हाचं गाव आम्ही इथे बसून रोज मनात बघतो.'

'काय बघता?'

'ओढा वैशाखातही वाहतोय,' एक पोरगा म्हणाला.

'माझी मुंबईची खोली सुटली. माझं पोर इथल्याच शाळेत,' दुसरा म्हणाला.

एक लाजरी मुलगी हळूच बोलली, 'होळी पोरींच्याही खांद्यावर आहे.'

म्हातारे खाकरले! अण्णांचा आवाज मात्र उतरला. 'छान आहे गो सगळं. पण आज संध्याकाळी उभं काय करू? गाव हसेल. बापजाद्यांचा मान माझ्या हातून जायचा.'

मंडळी, हा दुराग्रह नव्हे. हे भय आहे, आणि भयाला उपहासाचं उत्तर देऊ नये. शर्वरीनं काकाचा हात धरला. 'मान तुमचाच. घाव तुम्हीच घाला – पण त्या पलीकडच्या कळकाच्या बेटात. बांबू तोडला तरी पुन्हा फुटतो.'

'कळक? अगं, ते गवत!'

'गवतच! जरा वर तर बघा.'

अण्णांनी वर पाहिलं – आणखी वर – टोपी पडली! आणि अण्णा हसले.

पहिला घाव त्यांनीच घातला. कळक निघाला, पोरांच्या खांद्याला पोरींचे खांदे! संध्याकाळी होळी पेटली, आणि ओल्या कळकाची पेरं फुटू लागली – धडाम! धडाम! शेजारचं गाव धावत आलं. 'अण्णा, तोफ कुठून आणलीत?'

अण्णा छाती काढून म्हणाले, 'पोरींनी आणली!'

श्रोतेहो, अण्णांनी ना मान सोडला, ना होळी चुकवली. घाव कुठे घालावा, एवढंच पोरांचं ऐकलं. आणि आपण? लेकरू म्हणतं, 'आबा, असं झालं तर?' आपण म्हणतो, 'गप्प बैस, अभ्यास कर!' बरोबर ना? खाली बघू नका!

आज प्रसाद घ्या, पण एका अटीवर. घरी गेल्यावर सर्वांत धाकट्या लेकराला विचारा, 'बाळा, तू म्हातारा होशील तेव्हा आपलं गाव कसं हवं?' आणि ते बोलत असेल तोवर आपण तोंड उघडायचं नाही! कठीण आहे, ठाऊक आहे मला. म्हणून तर आधी नामस्मरण करू. चला, उचला टाळ!