उजेड न देणारा हीटर

चांगला माल विकून पस्तावलो, असं माझं एकदाच झालंय. तोंडवलीचे बाबलकाका माझं जुनं गिऱ्हाईक. एकटेच राहतात, मुलगा बोटीवर. जाताना तो आपला इग्वाना, म्हणजे हातभर लांब परदेशी सरडा, काचेच्या पेटीत त्यांच्या गळ्यात घालून गेला. त्याला सतत ऊब लागते. काका पेटीत बल्ब लावायचे, आणि आपल्याकडच्या व्होल्टेजला तो सारखा उडायचा.

शेवटी मीच सिरॅमिकचा हीटर दिला. "काका, बल्बाच्याच होल्डरात बसता. लवकर उडाचो नाय."

दुसऱ्या दिवशी हीटर घेऊन परत हजर. "रे, ह्यो पेटणाच नाय!"

मी तो दुकानात लावला. "वर हात धरा. तापलो मा? ह्यो नुसती ऊब देता, उजेड नाय. सरडो रात्रीचो नीट झोपतलो."

"झोपांदे. माका बल्बच दी."

"तो परत उडतलो!"

"उडांदे."

मी चिडलोच. "पण कित्याक?"

काका हीटरकडे बघत म्हणाले, "झील व्हिडिओ कॉल करता तो सरड्याक बघूक. मी फोन काचेसमोर धरतंय. काल पेटयेत काळोख, खोलीत लाइट. सरडो दिसलोच नाय, काचेत माझाच तोंड दिसला. झील म्हणालो, 'बाबा, तुमीच दिसतास हो, सरडो खंय? बल्ब लावा.'"