घासून आणलेला डबा

बिडकीनच्या बसथांब्यावर माझ्यापुढे रांगेत उभ्या बाईला अचानक तिचा नवरा भेटला. तिनं त्याच्या हातातला डबा घेऊन उघडला.

“कंपनी करमाडला, अन् तुम्ही बिडकीनला? डब्यात हे शिसं कसलं?”

“जिग हाय. मरळ धरायचा गळ. तळाला टेकवायचा, हलकंच उचलायचा.”

“अन् ड्यूटी?”

“दोन महिने झाले काढून. रोज धरणावर बसतो.”

“म्हणून डबा घासून आणत होतात व्हय! मला वाटलं, बायकोची कीव आली.”

“शिसं पोटात जाऊ नये म्हणून घासायचो.”

“किती मासे धरले?”

“एक बी नाय. तनुजा, उद्या डबा देशील ना?”

तिनं गळ त्याच्या तळहातावर ठेवला आणि रिकामा डबा घेऊन ती रांगेतून निघून गेली.