पंचफुलाची शंभर टक्के हजेरी

(चौथीपर्यंतच्या शाळेमागची हापशी. रविवारची सकाळ. पंचफुला घागर घेऊन आली आहे. अर्पिता आणि संघर्ष तिचे वर्गमित्र.)

अर्पिता : ...अन् मंग तू उठली, हात जोडले, अन् अशी खणखणीत कविता म्हटली ना, शाळा तपासाले आलेल्या साहेबानं टाळ्याच वाजवल्या! तुह्यासाठी!

पंचफुला : माह्यासाठी? कधी?

अर्पिता : परवा. शुक्रवारी.

पंचफुला : शुक्रवारी मी वावरात होती, अर्पे. मायसंग. धुऱ्यापासून कापसाच्या सात ओळी वेचल्या.

अर्पिता : ते वावरातली तू. मी शाळेतल्या तुही गोष्ट सांगून राह्यली.

पंचफुला : हापस थोडं. घागर भरू दे. तुहं काही समजत नाही मले.

संघर्ष : मी व्यवस्थित समजावून सांगतो. दिवाळीनंतर शाळा उघडली. अर्ध्याहून अधिक मुले कापूस वेचायला गेली. पट एकोणीस आहे, परंतु उपस्थिती आठ.

अर्पिता : झालं याचं पुस्तक सुरू!

संघर्ष : गुरुजी म्हणतात, शाळेच्या आवारात शुद्ध बोलावे. हापशी आवारातच येते.

पंचफुला : बोल बाप्पा शुद्ध. पन लवकर बोल. माय वाट पाहून राह्यली.

संघर्ष : उपस्थिती कमी दिसली, तर शाळाच बंद करतील. म्हणून राठोड गुरुजींनी शेजारधर्म सुरू केला.

पंचफुला : काय?

अर्पिता : शेजारधर्म वं! जे शेजारचं आलं नाही, त्याच्या नावाले आपन 'हजर' म्हनायचं. मी तुह्याजवळ बसतो ना, म्हनून तुहं नाव मी घेतो. संघर्षकडं राजदीप अन् फुलचंद, दोघंबी हायेत.

संघर्ष : फुलचंदसाठी मी आवाज घोगरा काढतो.

पंचफुला : म्हंजे मी रोज शाळेत हाय?

अर्पिता : एकबी दिवस चुकली नाही! मले तं मधात ताप आला, दोन दिवस आली नाही. तू तेव्हाबी होती!

पंचफुला : तेव्हा कोन म्हने मले हजर?

संघर्ष : ममताने. तुझ्या नावाला कोणी वाऱ्यावर सोडले नाही.

पंचफुला : अन् मी काय काय केलं शाळेत?

अर्पिता : लय केलं! दिवाळीआधी राह्यलेला हात धुवा दिवस केला. टाकीत पानी नव्हतं, तं गुरुजी म्हने, धुतल्यासारखे करा. आमी वाऱ्यावर हात चोळले अन् फोटोवाल्यानं फोटो काढला. मंग परसबाग.

पंचफुला : कोठं हाय परसबाग?

संघर्ष : वहीत आहे. पालक, मेथी, वांगी. वांग्यांना मागच्या आठवड्यात फळ धरले.

अर्पिता : अन् कम्प्युटरची पूजा केली.

पंचफुला : सुरू झाला का तो?

अर्पिता : लाईन कोठं असते दिवसा? त्याचं प्लॅस्टिकबी नाही काढलं, धूळ बसते म्हने. दर शनिवारी हळदकुंकू, एक फूल, अन् नमस्कार. या शनिवारी तुह्या हातानं झाली.

पंचफुला : मी चांगलीच हुशार दिसतो.

अर्पिता : हुशार? अवं, तू पह्यली! साहेब आला तं गुरुजींनी कापसाचा धडा घेतला. साहेब विचारे, मुलांनो, कापूस कसा काढतात? सगळे चूप.

पंचफुला : चूप काहून? सोपं तं हाय.

संघर्ष : ज्यांना येत होते ते सर्व कापसात होते.

अर्पिता : मंग मीच उठली. म्हंजे तू उठली. माह्या बाबाचं किरानाचं दुकान, मी कायले वावरात जातो! तरी डेअरिंग केली. म्हटलं, कात्रीनं.

पंचफुला : कात्रीनं!

अर्पिता : हळूच कापायचा, म्हटलं.

पंचफुला : ओ मायवं! अन् साहेब?

संघर्ष : साहेबांनी वहीत लिहिले, 'उत्तम'. मी वाकून वाचले.

पंचफुला : आता गावात कोनाले तोंड दाखवू मी? मारोती ठावरीची पोरगी कात्रीनं कापूस काढते म्हनतीन.

अर्पिता : आयक तं खरं! साहेब म्हने, ह्या पोरीची हजेरी किती? गुरुजींनी वही दाखवली. शंभर टक्के! जिल्ह्यात अशी पोरगी नाही म्हने. मोठी होऊन काय होशील विचारलं, तं मी सांगितलं, कलेक्टर. खुश झाला तो. म्हने, सोमवारी मी परत येतो अन् पंचफुलाले सायकल देतो.

पंचफुला : काय देतो?

अर्पिता : सायकल. लाल.

पंचफुला : खरीखुरी? का परसबागेसारखी?

संघर्ष : खरी आहे. मारेगावच्या दुकानात मी काल वडिलांसोबत पाहिली. हँडलला तुझ्या नावाची चिठ्ठी आहे.

पंचफुला : नाव बराबर लिहिलं का?

संघर्ष : पंचफुला मारोती ठावरी. बरोबर.

पंचफुला : हापसू नको आता. घागर भरली.

अर्पिता : रडून राह्यली का तू?

पंचफुला : तोंडावर पानी उडालं. पाचवी मारेगावले हाय ना. सहा किलोमीटर. माय म्हनते, एकटी पायी धाडत नाही, चौथी झाली का बस झालं. सायकल असन तं मंग काय म्हनन ते? काहीच नाही म्हनू शकत.

संघर्ष : एक अडचण आहे.

अर्पिता : नको सांगू रे.

पंचफुला : सांग.

संघर्ष : सोमवारी सायकल अर्पितानेच घ्यायची, असे गुरुजींनी ठरवले. साहेबांनी पंचफुला म्हणून हिला पाहिले आहे. आणि नंतर सायकल ऑफिसात राहणार. कम्प्युटरशेजारी.

पंचफुला : प्लॅस्टिकसहित?

संघर्ष : प्लॅस्टिकसहित.

पंचफुला : अन् शनिवारी हळदकुंकू.

अर्पिता : अशी नको पाहू माह्याकडं! मी कायले घेऊ तुही सायकल? मी म्हटलं गुरुजीले, पंचफुलाले बोलवा. तं म्हने, तिचा कापूस चालू हाय, तिले त्रास नको देऊ.

पंचफुला : लय काळजी माही! चाळीस दिवस झाले, एकबार नाही आले बोलवाले.

संघर्ष : एकदा आले होते. तुझी आई म्हणाली, अर्धी बोंडे अळीने खाल्ली, बाकीच्याला मजूर लावणे परवडत नाही, तुम्ही या वेचायला. ते परत गेले.

पंचफुला : मी येतो उद्या शाळेत.

अर्पिता : अन् साहेबानं म्हटलं, हे पंचफुला नोहे, तं?

संघर्ष : नाही म्हणणार. मी विचार केला आहे. कालच्या पेपरात फोटो आला. साहेब आहेत, हार आहे, गुरुजी आहेत, फळा आहे. अर्पिताची फक्त वेणी आली.

अर्पिता : अर्धी! एवढी तयारी केली, रिबन बांधली!

संघर्ष : तुझ्याशी बोलतानाही साहेब फोटोवाल्याकडेच पाहत होते. त्यांना रिबन लक्षात असेल तर असेल.

पंचफुला : रिबन देशीन?

अर्पिता : घे ना! दोन्ही घे. पन आपन दोघीबी वर्गात असलो तं गुरुजी मलेच उठवतीन. तेयले भेव लागते ना.

पंचफुला : मंग तू नको येऊ.

अर्पिता : मी? मी कोठं जाऊ?

पंचफुला : माह्या जागी. आभाळ आलं हाय, दिसत नाही का? माय म्हनते, खालचं तुकडं उद्या झालंच पाह्यजे. पानी पडलं का कापूस पिवळा पडते. एक मानूस कमी झालं तं ते मले सोडत नाही.

अर्पिता : मी? कापूस?

पंचफुला : तू चाळीस दिवस मी झाली. आता एक दिवस खरीखुरी हो.

संघर्ष : युक्तिवाद बिनतोड आहे.

अर्पिता : तुले काय जाते बिनतोड म्हनाले! पंचे, हात दाखव तुहा. ह्या रेघा कायच्या?

पंचफुला : बोंडाचे काटे. वाळल्यावर टोचतात. बोटं अशी आत घालाची, पाची पाकळ्यांतला एका झटक्यात ओढाचा. पाचोळा नाही आला पाह्यजे. कमरेले ओढनी बांधाची अन् त्यात टाकाचा.

अर्पिता : अन् तानाबाई? तुही माय ओरडन का मले?

पंचफुला : पह्यले हासन. सगळ्या गावाले सांगन. मंग ओरडन.

अर्पिता : येतो मी. पन दुपारी डबा माह्यासंगच खा म्हन तिले. सोबत काय आनू?

पंचफुला : कात्री.

अर्पिता : भैताड!

संघर्ष : साहेब प्रश्न विचारतील. आपण सराव करू. पंचफुला, शाळेतला तुझा आवडता उपक्रम सांग.

पंचफुला : मले काय म्हाईत? मी कोठं होती?

संघर्ष : परसबाग म्हण. वांगी म्हण.

पंचफुला : नाही म्हनत. कविता म्हनीन. दिवाळीच्या पह्यलेच पाठ केली होती. वेचता वेचता रोज म्हनतो.

अर्पिता : अन् मोठी होऊन काय होशीन विचारलं तं? कलेक्टर सांगजो. मी सांगून बसली.

पंचफुला : कलेक्टरचं तू पाहा. मी सांगीन, पाचवीत जाईन.

संघर्ष : उत्तर लहान आहे. पण चालेल. आता हजेरी. मी गुरुजी. पंचफुला मारोती ठावरी?

अर्पिता : हज...

संघर्ष : तू नाही!

अर्पिता : जीभच वळली बाप्पा! सवय लागली.

संघर्ष : पंचफुला मारोती ठावरी?

पंचफुला : हजर.

संघर्ष : हापशीच्या पलीकडेसुद्धा ऐकू आले नाही.

पंचफुला : हजर, गुरुजी!

अर्पिता : आता कशी! आता माह्यासाठी शेजारधर्म पाळ. घोगरा नको काढू पन, माहा आवाज गोड हाय.

संघर्ष : अर्पिता किसनराव बोढे?

पंचफुला : नाही आली, गुरुजी. ते माह्या ओळीत हाय.